जे चॅनल कोणी बघत नाही

माझी आजवरची सगळ्यात यशस्वी चळवळ मी मार्कहॅमच्या एका बेसमेंटमधून चालवली, आणि ती केबल टीव्हीच्या विरोधात होती. नागपुरात कॉलेजला असताना मी फीवाढीवर पत्रकं लिहिली, वसतिगृहाच्या पाण्यावर लिहिली, शिष्यवृत्ती वेळेवर मिळावी म्हणून लिहिली. त्यातलं काय सुटलं ते विचारू नका. इकडे मात्र मी एक पत्रक काढलं आणि सहा घरांनी केबल तोडली. असं यश डोक्यात जातं. माझ्याही गेलं.

आधी घर सांगते. ज्यांच्या बेसमेंटमध्ये मी इथे शिकायला आल्याच्या दुसऱ्या वर्षापासून राहते ते काका आणि काकू माझे नात्याने कोणी नाहीत, पण नागपूरचे आहेत, आणि एवढं इथे पुरतं. काका गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात क्वालिटी तपासतात. काकू हॉस्पिटलच्या किचनमध्ये पेशंटचे ट्रे लावतात. त्यांची मुलगी हॅलिफॅक्सला नोकरी करते आणि फोनवर मराठी प्रश्नांना इंग्रजी उत्तरं देते. दोघंही आमच्या आंबेडकर मंडळाचे जुने सभासद. दर चौदा एप्रिलला कम्युनिटी सेंटरचा हॉल घेऊन जयंती होते, त्या दिवशी दीडदोनशे माणसांचं जेवण असतं, आणि त्या जेवणाच्या काकू सर्वेसर्वा. काका वाढपी.

या घरात एक मोठा टीव्ही होता आणि त्याला केबल होती. त्या केबलवर घोड्यांचं एक चॅनल होतं. चोवीस तास घोडे. गोल्फचं एक होतं, दागिने विकणारी दोन होती, आणि मासेमारीचं एक, ज्यात एक माणूस बर्फाला भोक पाडून गप्प बसून राहायचा. काका-काकू यातलं काही बघत नसत. काका हॉकी आणि हवामान बघत, तेही खिडकीला पाठ करून. काकू संध्याकाळच्या बातम्या आणि त्यानंतरचा प्रश्नोत्तरांचा खेळ बघत, आणि खेळातल्या माणसाच्या आधी उत्तर देऊन टाकत. मी विचारलं, मग ही बाकीची चॅनलं कशाला?

काका म्हणाले, "पॅकेज आहे नं. त्यात येतात."

"पण तुम्ही मागितली होती का?"

"मागायचं काय त्यात. देऊन राहिले."

"देत नाहीयेत काका. विकतायत. तुम्हाला हॉकी पाहिजे, तर घोडेही घ्या म्हणतायत. ही सक्ती आहे."

काका काकूंकडे बघून म्हणाले, "पोरगी आता घोड्यांवर पत्रक काढते."

मी काढलंच. नागपूरच्या आमच्या विद्यार्थी संघटनेत एक सिनियर ताई होती, तिने मला शिकवलं होतं की पत्रकात तीनच गोष्टी असाव्यात: शत्रू कोण, आपण कोण, आणि किती वाजता कुठे जमायचं. बाकी सगळं पाल्हाळ. त्या नियमाने मी एक पानी पत्रक लिहिलं. शत्रू केबल कंपनी. आपण म्हणजे तिच्या पॅकेजात कोंबले गेलेले समस्त घोडेग्रस्त. जमायचं रविवारी अकरा वाजता, काकूंच्या हॉलमध्ये, अँटेनाच्या प्रात्यक्षिकासाठी. लायब्ररीत प्रती काढल्या. खाली मी एक तक्ताही दिला होता. डावीकडे, अँटेनावर काय काय येतं. उजवीकडे, काय येत नाही आणि त्याने काय बिघडतं. उजव्या रकान्यात घोडे होते, गोल्फ होता, दागिने होते आणि शेवटी एक ओळ होती: "कंपनीचं कम्युनिटी चॅनल. ते कोणी बघत नाही."

ही ओळ लक्षात ठेवा. मी ठेवली नव्हती.

ते चॅनल काय असतं ते सांगायला हवं. इथल्या केबल कंपन्या आपापल्या भागासाठी एक स्थानिक चॅनल चालवतात. त्यावर शाळांचे सामने, नगरपरिषदेच्या बैठका, कोणाच्या तरी बागेतले भोपळे असलं दाखवतात. कॅमेरा धरणारे बहुतेक हौशी. मी एकदा पाहिलं तेव्हा पार्किंगच्या नियमांवर चर्चा चालू होती आणि एक सभासद झोपला होता.

आता यंत्रसामग्री. अँटेना म्हणजे काकांच्या तरुणपणी गच्चीवर असायचा तसा सांगाडा नाही, खिडकीला लावायची चपटी पाटी. तिची तार एका छोट्या डब्यात जाते. त्या डब्याला हार्ड डिस्क जोडली की तो कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवतो, आणि वायफायवरून टीव्हीकडे पाठवतो. टीव्हीच्या पाठीत अंगठ्याएवढी स्ट्रीमिंगची कांडी खोचायची, तिच्यात त्या डब्याचं अ‍ॅप. झालं. हवेतून फुकट येणारी चॅनलं दिसतात, हवी तेव्हा दिसतात, आणि गावाजवळच्या सरोवराच्या पलीकडून अमेरिकेचीही येतात. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मागे जे टाकून आलो ते तू परत आणून राहिली. मी वर चढून विचारायचो, आलं का, आणि खालून आई ओरडायची, गेलं."

प्रात्यक्षिकाच्या रविवारी पहिल्या प्रयत्नात दोन चॅनलं आली. त्यातलं एक फ्रेंच. जमलेल्या चार जोडप्यांनी फ्रेंच हवामान शांतपणे पाहिलं. काका म्हणाले, मॉन्ट्रियलला नोकरी लागली तर कामी पडेल. मी घामाघूम होऊन अँटेना एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत हलवत होते. शेवटी काकूंनी पोळ्यांची कणीक मळायची स्टीलची मोठी परात पुसून कपाटाला टेकवून ठेवली, तशी ती योगायोगाने अँटेनाच्या बरोबर मागे आली, आणि टीव्हीवर एकदम अमेरिकेतला पाऊस दिसायला लागला. परात काढली, पाऊस गेला. ठेवली, आला. धातूवर लहरी आपटून परत येतात, हे मी नंतर वाचलं. त्या वेळी मी जणू आधीपासून माहीत असल्यासारखं म्हणाले, "आणि हा आपला देशी रिफ्लेक्टर."

टाळ्या पडल्या. काकू म्हणाल्या, "चौदा एप्रिलला ती परात मला लागेल."

मग कंपनीला फोन. पहिला फोन काकांनी केला. काका भला माणूस, त्यामुळे वीस मिनिटांनी ते फोन ठेवून बाहेर आले तेव्हा केबल तुटली नव्हती, उलट मासेमारीचं दुसरं चॅनल मिळालं होतं.

"ती पोरगी चांगली होती बिचारी," काका म्हणाले. "लुधियान्याची. अंकलजी, आप हमें छोड़ के जा रहे हैं, म्हणत होती. मी म्हटलं, नाही नाही, असं नाही."

दुसरा फोन मी केला. काकूंचं नाव लावून, स्पीकरवर टाकून, काकू शेजारी भाजी निवडत बसलेल्या. या वेळी एक मुलगा होता. त्याने सोडायचं कारण विचारलं. मी म्हटलं, घोडे. त्याने ते लिहून घेतलं. मग त्याने सवलत दिली, मी नाही म्हटलं. सहा महिने सिनेमे दिले, मी नाही म्हटलं. शेवटी तो जरा थकून म्हणाला, "मॅम, तुमच्या भागाचं कम्युनिटी चॅनलही जाईल बरं का. ते फक्त आमच्याकडे आहे."

मी म्हटलं, "ते कोणी बघत नाही."

काकू मान खाली घालून मेथीची पानं खुडत होत्या. केबल तुटली.

पुढच्या दीड महिन्यात मी रविवारी रविवारी घरोघरी गेले. मंडळातली चार घरं, शेजारची तमिळ आजी, आणि आमचं घर. सहा. सगळीकडे डबा, कांडी, अँटेना, आणि मागे परात किंवा बेकिंगचा ट्रे. तमिळ आजीने इडलीच्या साच्याची ताटली लावली, तिलाही अमेरिका दिसली. एकच माणूस बधला नाही, तो म्हणजे आमच्या मंडळाचे सचिव. त्यांच्याकडे केबलचं सगळ्यात मोठं पॅकेज, आणि मी गेले तेव्हा म्हणाले, "तू बस, चहा घे, पण अँटेनाचं नाव काढू नको. मी आयुष्यभर कमी आवाजात, कमी चॅनलांत काढलं. आता मला सगळी पाहिजेत. घोडेही."

हे ऐकून मी खरं म्हणजे गप्प बसायला हवं होतं. त्याऐवजी मी दुसरं पत्रक काढलं. त्यात लिहिलं: "आपल्यातल्या काही ज्येष्ठांना गळ्यातली तार दागिना वाटते." नाव नव्हतं. मंडळात ज्येष्ठ आणि केबलवाला असा माणूस एकच उरला होता, त्यामुळे नावाची गरजही नव्हती.

चौदा एप्रिल आला. तेराच्या संध्याकाळी काकूंनी परात नेली आणि आमच्याकडची अमेरिका बंद पडली. कोणाची तक्रार नव्हती. चौदाला हॉलमध्ये व्यासपीठावर भाषणं, हॉलच्या मागच्या किचनमध्ये काकू आणि त्यांच्या चौघी-पाचजणी. त्या दिवशी कम्युनिटी चॅनलची एक मुलगी कॅमेरा घेऊन आली होती. अध्यक्षांनी तिच्यासाठी इंग्रजीत चार पानी निवेदन तयार ठेवलं होतं. तिने त्यातलं थोडं टिपलं, मग वास घेत घेत किचनमध्ये शिरली. तिची मालिका जेवणावर होती, गावातल्या लोकांच्या एकत्र जेवणावर. तिने काकूंच्या ओढणीला माइक अडकवला आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. मी त्या वेळी बाहेर स्टॉलवर माझी पत्रकं वाटत होते.

घरी परतताना गाडीत काकू नखांतली कणीक काढत होत्या. काकांनी विचारलं, "काय बोलली तू?"

"आठवत नाही."

"असं कसं आठवत नाही?"

"इंग्रजीत विचारून राहिली होती ती. मी बोलत गेले. ती हसली एकदा. काहून हसली ते कळलं नाही. नंतर थँक यू म्हणून गेली." मग जरा वेळाने, "जास्त तर नाही बोलले? डोळ्यात पाणी आलं होतं मध्ये. कांद्याचं असेल."

त्या दिवसापासून काकूंना एकच गोष्ट हवी होती: आपण काय बोललो ते बघायचं. वीस वर्षं त्यांनी मंडळाचं जेवण केलं, माइक कधी हातात आला नाही, आणि आला तेव्हा जे बोलल्या ते त्यांनाच माहीत नाही. हसण्यासारखं बोललो की चांगलं, हा प्रश्न त्यांना ट्रे लावताना पडायचा, भाजी चिरताना पडायचा. हॉस्पिटलमधल्या मैत्रिणींना त्यांनी सांगितलं. मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "मॉम, जस्ट सेंड मी द क्लिप." मे महिन्यात चॅनलकडून ईमेल आला: अमुक शनिवारी संध्याकाळी सात वाजता.

मी म्हटलं, "काकू, काही काळजी नाही. आपला डबा रेकॉर्ड करेल. हवं तेवढ्या वेळा बघा."

हे मी मनापासून म्हटलं होतं. गुरुवारी संध्याकाळी रेकॉर्डिंग लावायला बसले. कार्यक्रमांच्या यादीत चॅनल शोधलं. नाही. पुन्हा स्कॅन केलं. परात सरळ केली, तिरकी केली. अमेरिका आली, फ्रेंच आलं, एका चर्चचं आलं. ते नाही. आणि मग मला माझाच तक्ता आठवला, उजवा रकाना, शेवटची ओळ. ते चॅनल हवेतून येतच नाही. ते फक्त तारेतून येतं. फोनवरचा तो थकलेला मुलगा मला हेच सांगत होता.

मी काय केलं ते सांगते, कारण दुसऱ्यांच्या चुकांवर मी पानंच्या पानं लिहिली आहेत. मी गप्प बसले. शिवाय, अँटेना घराच्या माळ्यावर नेऊन बघते असं म्हणून शिडी लावली, आणि तिथे थंडी अडवायला पसरलेल्या पिवळ्या कापसात गुडघ्यावर बसून तासभर अशा चॅनलसाठी अँटेना फिरवत राहिले जे येणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. खालून काका विचारत होते, "आलं का?" मी म्हणत होते, "बघते." त्यांच्या आईची जागा त्यांना मिळाली होती आणि त्यांची मला.

शुक्रवारी मी चॅनलला फोन केला. एका हौशी स्वयंसेवकाने उचलला. वेबसाइटवर टाकता का, विचारलं. म्हणाला, टाकतो, ज्याला वेळ होईल तो टाकतो, गेल्या हिवाळ्यातलं अजून चाललंय. मी त्याला विचारलं की गावातल्या लोकांनी केलेलं, गावातल्या लोकांवरचं चॅनल बघायला एका कंपनीचं गिऱ्हाईक का व्हावं लागतं. तो म्हणाला, "चांगला प्रश्न आहे. मी फक्त शनिवारचा आवाज बघतो."

चिडायला माणूस मिळाला की बरं वाटतं. इथे तोही मिळेना. मी वर गेले. काकू कणीक मळत होत्या, त्याच परातीत.

"काकू, ते चॅनल आपल्याकडे दिसत नाही."

"डबा बिघडला?"

"नाही. ते फक्त केबलवर दिसतं."

त्यांचे हात थांबले नाहीत. "म्हणजे तू म्हटली होती ते."

"काय?"

"कोणी बघत नाही ते."

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर माझ्याकडे उत्तर होतं. चढलेल्या आवाजांवर मी तयारीत असते. काकूंनी कणकेचा गोळा उलटा केला आणि म्हणाल्या, "मग आता?"

मग आता मी जोडणी असलेलं घर शोधायला लागले. मंडळातली चार घरं: तोडलेली. मी तोडलेली. शेजारची तमिळ आजी: तिने दार उघडून मला ओढून आत नेलं आणि इडलीची ताटली दाखवली, अमेरिका किती स्वच्छ दिसते ते. हॉस्पिटलमधल्या मैत्रिणी दुसऱ्या गावच्या, तिथे दुसरं चॅनल. काका माझ्या मागे उभे राहून म्हणाले, "चांगलं काम केलं तू. एकही सोडला नाही."

"एक सोडला," मी म्हटलं.

"हौ," काका म्हणाले, आणि फोन माझ्या हातात दिला. "तूच बोल. मला हसू येईल."

सचिवांनी दुसऱ्या रिंगला उचलला. मी जय भीम म्हटलं. ते म्हणाले, "जय भीम. बोला. आमच्या गळ्यातली तार काय म्हणते?"

मी सगळं सांगितलं. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत, आणि हे त्यांच्या बाबतीत फारच वाईट लक्षण होतं. शेवटी म्हणाले, "वहिनींना सांग साडेसहाला या म्हणावं. आणि ती पाच घरं आहेत नं, तुझी मुक्त केलेली, त्यांनाही बोलव. बघायचं तर सगळ्यांनी बघू. फक्त एक अट आहे."

"काय?"

"तुझं दुसरं पत्रक घेऊन ये. माझी प्रत फ्रिजवर आहे, पण मॅग्नेट काढायला नको वाटतं."

शनिवारी सचिवांच्या बेसमेंटमध्ये अठरा माणसं होती. तमिळ आजी सगळ्यात पुढे, मांडीवर इडल्यांचा डबा घेऊन. काकूंनी हिरवी सुती साडी नेसली होती आणि त्या सोफ्याच्या अगदी कडेला बसल्या होत्या, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तशा. टीव्ही भिंतीएवढा. सचिवांनी रिमोट हातात घेतला, घड्याळ बघितलं, सात वाजायला दहा मिनिटं होती, आणि म्हणाले, "तोवर वाचन होऊन जाऊ दे."

मी म्हटलं, "साहेब, नंतर."

"नाही, पोरी, आत्ता. जे लिहितो ते चार लोकांत वाचता आलं पाहिजे. तुझ्या संघटनेत शिकवलं नाही का?"

शिकवलं होतं. मी टीव्हीपुढे उभी राहिले आणि वाचलं. गळ्यातली तार, दागिना, सगळं. सचिव डोळे मिटून, मान डोलवत ऐकत होते. दागिन्याच्या ओळीला म्हणाले, "वा. परत." मी परत वाचली. काका तोंडाला रुमाल लावून जिन्यावर जाऊन बसले होते.

मग मला दुसरं काम मिळालं. हॅलिफॅक्सच्या मुलीला व्हिडिओ कॉल लावला होता, आणि तिला टीव्ही दिसावा म्हणून फोन उंच धरून कोणीतरी उभं राहायला हवं होतं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. अर्धा तास मी हात वर करून उभी होते, अँटेनासारखी. तिकडून ती मधूनमधून सांगत होती, "लेफ्ट. नो, लेफ्ट. ओके, स्टे."

कार्यक्रम लागला. आधी दुसऱ्या कोणाचं तरी जेवण, एका चर्चच्या तळघरातलं सूप. मग आमचा हॉल, आमचं व्यासपीठ, अध्यक्ष, निवेदनाच्या पहिल्या पानाचं पहिलं वाक्य, आणि तिथून सरळ किचन. काकू. ओढणी डोक्याला बांधलेली, दोन्ही हात कणकेत, मागे परात.

मुलीने विचारलं, आज काय केलंत. काकू म्हणाल्या, वरण, भात, वांग्याची भाजी, पोळ्या, बुंदी. मग तिने विचारलं, इतकी वर्षं हे तुम्ही का करता. पडद्यावरच्या काकूंनी कणीक एकदा उलटी केली. सोफ्यावरच्या काकूंनी साडीचा पदर मुठीत धरला. मग पडद्यावरच्या काकू बोलल्या. इंग्रजीत, वाक्य मोडत, पुन्हा जोडत. मी मराठीत लिहिते आहे:

"माझी आई लग्नाच्या जेवणाला जायची तेव्हा तिला मांडवाच्या बाहेर बसवायचे. सगळ्या पंगती उठल्या की मग वाढायचे. कधी उरायचं, कधी नाही. मी लहान होते, मला वाटायचं लग्नात असंच असतं. इथे कोण आधी जेवणार ते मी ठरवते. आधी लेकरं. मग ज्यांना बस पकडायची आहे ते. मग म्हातारी माणसं. भाषणवाले शेवटी."

मुलगी हसली. हेच ते हसू. तिने विचारलं, भाषणवाले शेवटी का.

"भूक लागली की भाषण लवकर संपतं."

बेसमेंटमध्ये आधी तमिळ आजी हसली, मग सगळे. सगळ्यात मोठ्याने सचिव, ज्यांचं भाषण त्या दिवशी पन्नास मिनिटं चाललं होतं. "मला वाटायचं जेवण उशिरा तयार होतं," ते म्हणाले. "वीस वर्षं मला तेच वाटत होतं." फोनमधून मुलगी काहीतरी म्हणत होती. मी फोन कानाशी नेला. ती मराठीत म्हणत होती, "आईला सांग नं, चांगलं बोलली. सांग तिला." मी फोन काकूंकडे दिला.

काकू पडद्याकडेच बघत होत्या, जिथे आता भोपळे आले होते. "एवढंच?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं काय बोलून बसले."

सचिवांनी रिमोटचं बटण दाबलं. त्यांच्या केबलच्या डब्यातही रेकॉर्डिंग होतं, अर्थातच होतं, आणि तसं सांगायची त्यांनी तोवर वाट बघितली होती. आम्ही ते अजून तीन वेळा पाहिलं.

त्यातलं ते बसचं वाक्य माझ्या मनातून जाता जाईना. पहिल्या वर्षी मी या देशात नवीन होते, मंडळाच्या जेवणाला रांगेत शेवटी उभी होते, आणि ओढणी बांधलेल्या एका बाईने मला दंड धरून पुढे नेलं होतं आणि ताट हातात दिलं होतं. मला वाटलं होतं, चेहऱ्यावर भूक दिसली असेल. तेव्हा तिने एवढंच विचारलं होतं, बसने आली का गं. तो नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, कोणी त्याची पत्रकं काढली नव्हती, आणि त्यात शत्रूचं नावही नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मी तिसरं पत्रक लिहिलं. गावाचं चॅनल गावाला फुकट, हवेतून दिसलं पाहिजे, या मागणीचं. माझं मत अजूनही तेच आहे आणि मी ते कोणासमोरही उभी राहून वाचायला तयार आहे. त्या मागणीवर पहिली सही सचिवांची आहे. केबल त्यांनी सोडली नाही. अँटेना मात्र माझ्याकडून बसवून घेतला, दुसऱ्या टीव्हीला, आणि काकूंकडे परातीसाठी शब्द टाकला. काकू म्हणाल्या, बाजारात मिळते.

मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात मला त्या मागणीवर बोलायला पाच मिनिटं मिळाली होती. बोलायच्या आधी भूक लागली म्हणून मी किचनमध्ये गेले आणि ताट उचललं. काकूंनी ते माझ्या हातातून काढून एका लहान मुलीला दिलं.

"भाषणवाल्यांच्या यादीत नाव आहे नं तुझं?"

"पाचच मिनिटं आहेत, काकू."

"मग थांब."

"मला बस पकडायची आहे."

"आमच्या गाडीतून आली तू," काकू म्हणाल्या, आणि पुढचं ताट भरायला घेतलं.